पडद्यावरील खेळ आणि उतरतें वय

सत्तरीचे आजोबा दुपारीं बुद्धिबळाचा पट मांडून बसले तर त्यांत कोणाला कांहीं वावगें वाटत नाहीं. पत्ते, सोंगट्या, कॅरम, सावंतवाडीच्या गंजिफा हे सारे खेळ वृद्धांच्या हातीं पाहण्याची डोळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या संवय आहे. परंतु तेच आजोबा टीव्हीच्या पडद्यावर एखाद्या योद्ध्याला धांवडवूं लागले, कीं घरांत हंशा पिकतो. त्या हंशाहून वाईट गोष्ट ही, कीं चार वेळां हरल्यावर ते स्वतःच "आतां हें आपलें काम नव्हे" असें म्हणून खेळणें कायमचें सोडून देतात. श्रोतेहो, वृद्ध मनुष्य स्वतःविरुद्ध हा जो निकाल देतो, त्यांत खरें किती आणि उगीच मानून घेतलेलें किती, हें एकदां तपासून पाहण्यासारखें आहे.

प्रथम वयाचाच हिशेब घ्यावा. व्हिडिओ गेम ही पोरांची मिरास, असें समजण्याची रीत आहे; पण हा खेळ स्वतःच आतां पोरवयाचा राहिलेला नाहीं. अमेरिकेंतील ब्रुकहेव्हन प्रयोगशाळेंत विल्यम हिगिनबॉथम या पदार्थविज्ञानवेत्त्यानें १९५८ सालीं पाहुण्यांच्या करमणुकीकरितां एका विद्युद्यंत्राच्या वाटोळ्या पडद्यावर टेनिसचा खेळ करून दाखविला होता. अटारी कंपनीचा 'पाँग' आला तो १९७२ सालीं. त्या वर्षीं जो मुलगा पंधरा वर्षांचा होता, तो आज सत्तरीच्या उंबरठ्यावर आहे. आपल्याकडे १९९० नंतरच्या दशकांत ज्या मुलांनीं टीव्हीला जोडलेल्या यंत्रांत 'कॅसेट' खुपसून मारिओला उड्या मारावयास लाविलें, त्यांतील कित्येकांच्या नाकावर आज चाळिशी आली आहे. तेव्हां म्हातारपणीं नवा खेळ शिकणाऱ्यांइतकाच हा प्रश्न खेळतां खेळतां म्हातारे होणाऱ्यांचाही आहे.

वयाबरोबर हात मंदावतो, हें कोणी नाकारूं नये. कॅनडांतील सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१४ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासांत 'स्टारक्राफ्ट २' या युद्धाच्या खेळाच्या ३,३०५ खेळाडूंचे डाव तपासले. हे खेळाडू १६ ते ४४ वर्षांचे होते. या खेळांत प्रत्येक हालचाल यंत्र स्वतःच टिपून ठेवितें, त्यामुळें कोणाच्या आठवणीवर विसंबण्याचें कारण नव्हतें. पडद्यावर नवें दृश्य दिसणें आणि त्यावर खेळाडूनें पहिली कृति करणें, यांमधील अवधि चोविसाव्या वर्षापासून वाढूं लागतो, असें त्यांना आढळलें. चोविसाव्या! ज्या वयांत पुष्कळांचें लग्नही ठरलेलें नसतें, त्या वयांत या खेळांतील वार्धक्यास आरंभ होतो. परंतु त्याच अभ्यासांत आणखी एक गोष्ट दिसली. वयानें मोठे खेळाडू सोपे डावपेंच निवडीत व खेळांतील जवळच्या वाटा अधिक वापरीत. हाताची गति कमी झाली तिची भरपाई ते अशा रीतीनें करीत असावेत, असें संशोधकांचें म्हणणें.

साठीनंतर हाताच्या जोडीला डोळाही तक्रार करूं लागतो. साठ वर्षांच्या मनुष्याच्या डोळ्यांतील पडद्यावर पोहोंचणारा प्रकाश विशींतील तरुणाच्या मानानें सुमारें एकतृतीयांश असतो. खेळ रचणाऱ्या मंडळींना तर अंधाराची विलक्षण हौस. तळघरें, गुहा, मध्यरात्रीचीं अरण्यें यांखेरीज त्यांना जणूं जागाच सुचत नाहींत. त्यांत अक्षरें बारीक. भ्रमणध्वनीवर खेळावें तर वयोमानानें कोरडें पडलेलें बोट कांचेला नीट उमगत नाहीं.

इतकें मान्य करूनही एक प्रश्न उरतो. खेळ इतका वेगवान असावा, हें ठरविलें कोणीं? येथें थोडा इतिहास पाहिला पाहिजे. ताइतो या जपानी कंपनीसाठीं तोमोहिरो निशिकादो यांनीं १९७८ सालीं 'स्पेस इन्व्हेडर्स' रचला. वरून रांगेनें उतरणारे शत्रु जसजसे कमी होत, तसतसे उरलेले भराभर धांवूं लागत. याचें मूळ कारण मोठें गमतीचें आहे. त्या वेळचें गणकयंत्र मंद होतें. चित्रें कमी झालीं कीं त्याचा भार हलका होई आणि तें उरलेलीं चित्रें जलद हलवी. रचनाकारानें ही उणीव दूर केली नाहीं, उलट तीच खेळाची जान म्हणून ठेविली. आणि ती दुकानदारालाही मानवली, कारण हीं यंत्रें नाण्यावर चालत. एका नाण्यांत कोणी तासभर खेळत बसला तर मालकाच्या गल्ल्यांत काय पडणार? म्हणून खेळ सोपा सुरू व्हावा, मग वेग वाढावा, आणि थोड्याच मिनिटांत खेळाडू हरून त्यानें पुन्हां खिशांत हात घालावा, अशी ती योजना. १९८० सालचा 'पॅक-मॅन' याच घडणीचा. आजचा वृद्ध ज्या चपळाईच्या मापानें स्वतःला मोजून नापास करितो, तें माप बऱ्याच अंशीं त्या नाण्याच्या पेटीनें ठरविलेलें आहे. तेथें विशीचा तरुणही शेवटीं हरतच होता.

घरांत खेळावयाच्या यंत्रांना ती अट नव्हती. म्हणून तेथें वाट पाहणारे खेळ जन्मास आले. सिड मायर यांचा १९९१ सालचा 'सिव्हिलायझेशन' याचें चांगलें उदाहरण. त्यांत खेळाडूनें एक राज्य वसवून वाढवावयाचें असतें, आणि बुद्धिबळाप्रमाणें त्याची पाळी संपेपर्यंत सारें जग स्तब्ध उभें राहतें. मध्यें चहा घेऊन यावें, तरी शत्रु हालत नाहीं. या मालिकेंतील दुसरा खेळ अमेरिकेंतील शर्ली करी या बाईंना त्यांच्या मुलानें शिकविला आणि तेथून त्यांना या करमणुकीची गोडी लागली. त्यांचा जन्म १९३६ सालचा. पुढें त्या 'स्कायरिम' या २०११ सालच्या खेळांतील बर्फाळ प्रदेशांत भटकूं लागल्या आणि २०१५ पासून त्या भटकंतीचीं चित्रणें यूट्यूबवर ठेवूं लागल्या. प्रेक्षकांना त्या 'नातवंडें' म्हणत. तलवारबाजी याही खेळांत आहे. मात्र लढाईच्या ऐन मध्यावर आपली झोळी उघडली कीं काळ थांबतो, शत्रूचें शस्त्र हवेंत तसेंच राहतें, आणि कोणतें औषध घ्यावें याचा विचार शांतपणें करितां येतो. २०२४ सालीं, अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या असतांना, त्यांनीं या खेळाचीं चित्रणें करणें थांबविलें. जपानांतील हामाको मोरी या बाईंची कथा अधिक धीट आहे. १९३० सालीं जन्मलेल्या या बाईंनीं १९८१ च्या सुमारास, म्हणजे पन्नाशी उलटल्यावर, हा नाद धरला. २०२० सालीं नव्वदाव्या वर्षीं यूट्यूबवर खेळ दाखविणारी सर्वांत वयोवृद्ध व्यक्ति म्हणून गिनेसच्या पुस्तकांत त्यांची नोंद झाली. त्यांना शांत खेळांपेक्षां गोळीबाराचेच खेळ विशेष प्रिय! तेव्हां वृद्धांना अमुकच खेळ आवडावा, असा नियम इतरांनीं करूं नये हें बरें.

"खेळल्यानें बुद्धि तल्लख राहते काय?" हा प्रश्न घरोघर विचारला जातो, आणि येथेंच सावध राहण्याची अधिक गरज आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेंत ॲडम गझाली व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मोटार हांकण्याचा एक खेळ मुद्दाम तयार केला. वळणाच्या रस्त्यावर गाडी सांभाळावयाची आणि त्याच वेळीं ठरलेली खूण दिसली तरच बटण दाबावयाचें. ६० ते ८५ वर्षांच्या स्त्रीपुरुषांनीं एका महिन्यांत एकूण १२ तास हा सराव केला. दोन कामें एकदम करण्यांत ते सराव न केलेल्या विशींतील तरुणांच्याही पुढें गेले आणि हा गुण सहा महिन्यांनींही टिकून होता. २०१३ सालीं 'नेचर' पत्रांत हें प्रसिद्ध झालें. प्रयोग आशा वाटावा असा खरा. परंतु तो लहान गटावरचा आणि खास बनविलेल्या खेळावरचा होता. एका कामाचा सराव दैनंदिन जीवनांत कितपत उपयोगी पडतो, याविषयीं शास्त्रज्ञांत अद्याप एकमत नाहीं. २०१४ सालीं सुमारें सत्तर शास्त्रज्ञांनीं असल्या बुद्धिवर्धक खेळांच्या जाहिरातींविरुद्ध जाहीर पत्रक काढलें, तर शंभरांहून अधिक शास्त्रज्ञांनीं त्या पत्रकाला प्रत्युत्तर दिलें.

व्यापारी मात्र एकमताची वाट पाहत बसत नाहींत. अमेरिकेंत 'लुमोसिटी' या खेळांच्या जाहिरातींत वयोमानाची विस्मृति लांबविण्याचीं आश्वासनें होतीं. तीं फसवीं असल्याचा आरोप तेथील फेडरल ट्रेड कमिशननें ठेविला आणि २०१६ सालीं कंपनीनें २० लाख डॉलर भरून प्रकरण मिटविलें. ज्या घरांत एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला नांवें आठवेनाशीं झालीं आहेत, त्या घराला असलें आश्वासन किती गोड लागतें आणि तें फसवें निघालें म्हणजे डॉक्टरकडे जाण्याचा किती मोलाचा काळ वायां जातो, हें सांगावयास नको.

नाण्याची पेटीही नाहींशी झालेली नाहीं. ती भ्रमणध्वनींत शिरली आहे. २०१२ सालच्या 'कँडी क्रश'मध्यें खेळाडूला पांच प्राण मिळतात. ते संपले कीं एका प्राणासाठीं अर्धा तास थांबावें, नाहींतर पैसे मोजावे. निवृत्तांजवळ वेळ आणि पुंजी दोन्ही असतात, आणि रकमा लहान असल्यामुळें हिशेब राहत नाहीं. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर भारताच्या संसदेनें ऑगस्ट २०२५ मध्यें कायद्यानें बंदी घातली. परंतु प्राण विकत घेण्याचा हा व्यवहार त्याहून निराळा आहे आणि त्याकडे लक्ष घरच्यांनींच ठेवावयाचें.

खेळाचा निःसंशय लाभ कोणता म्हणावा, तर सोबत. आपल्या जुन्या पचिशीवरून इंग्लंडांत 'ल्यूडो' निघाला, आणि नवी मुंबईंतील एका कंपनीनें २०१६ सालीं तोच 'ल्यूडो किंग' या नांवानें भ्रमणध्वनीवर आणला. २०२० सालच्या टाळेबंदींत तो घरोघर खेळला गेला. पुण्याची आजी आणि परदेशांतील नात एकाच पटावर बसूं शकतात, आणि सोंगटी मारल्याबद्दलचें भांडणही यथासांग होतें.

राहतां राहिली सोयीची गोष्ट. २०२० सालच्या 'द लास्ट ऑफ अस' या खेळाच्या दुसऱ्या भागांत अशक्तांसाठीं साठांहून अधिक सोयी ठेविल्या आहेत. अक्षरें मोठीं करणें, शत्रूला ठळक रंग देणें, बटण वारंवार दाबण्याऐवजीं नुसतें दाबून धरणें, इत्यादि. इतरही पुष्कळ खेळांत अशा कांहीं सोयी आतां असतात. मात्र त्या इंग्रजी यादीच्या तळाशीं दडलेल्या असल्यामुळें घरांतील तरुणानें एकदां बसून लावून द्याव्या. अडचणीची पायरी 'सोपी' ठेवण्यास पुष्कळ वृद्ध लाजतात. ती बहुधा केव्हांही बदलतां येते आणि पडद्यापलीकडे कोणाला दिसत नाहीं. खोलींत दिवा लावलेला असावा, चष्मा पडद्याच्या अंतराला जुळणारा असावा, आणि भोंवळ आल्यासारखें वाटतांच खेळ तेथेंच थांबवावा. बहुतेक खेळांत डाव जतन करून ठेवण्याची सोय असते.