पंढरीचे यजमान

वारीला जाणाऱ्यांविषयी उदंड लिहिले गेले आहे. परंतु आषाढ शुद्ध एकादशीला जे पंढरीतच असतात, आणि तरीही त्या दिवशी ज्यांना विठुरायाचे दर्शन क्वचितच घडते, त्या पंढरपूरकरांविषयी फारसे कोणी बोलत नाही. म्हणून आम्ही त्यांच्याच ओसरीवर जाऊन बसलो.

प्रदक्षिणा मार्गालगतच्या एका जुन्या वाड्यात ऐंशी ओलांडलेल्या आजी भेटल्या. त्या सासरी आल्या तेव्हापासूनचा परिपाठ असा, की नवमीला घरातील सामान माळ्यावर चढावे, ओसरी व माजघर मराठवाड्यातून येणाऱ्या एका दिंडीच्या स्वाधीन व्हावे, आणि घरच्या माणसांनी स्वयंपाकघरात निजावे. उतरणाऱ्यांकडून काही घेता का, असे आम्ही भीतभीतच विचारले. आजी स्पष्टपणे म्हणाल्या, "घेतो की! वाड्याची डागडुजी त्यावरच होते. पाण्यावरून कुरबुरीही होतात. पण निघताना त्या बाया पाया पडू लागल्या की मीच आधी वाकते. चालून त्या आल्या, मी नाही."

महाद्वारातील कुंकू-बुक्क्याच्या दुकानदारांचे म्हणणे याहून निराळे नव्हते. चैत्री, आषाढी, कार्तिकी आणि माघी या चार यात्रांवर त्यांचा वर्षाचा संसार चालतो. एकादशीला रांगेत उभे राहावे तर दुकान कोणी पाहावे? "पहाटे नामदेव पायरीला हात लावतो, कळसाला हात जोडतो. झाले आमचे दर्शन," असे ते म्हणाले. त्यांच्या स्वरात खंत नव्हती, असे मात्र आम्हांस म्हणवत नाही.

आणि मग बोलणे २०२० सालाकडे वळले. त्या वर्षी महामारीमुळे पायी वारी झाली नाही; संतांच्या पादुका एस. टी. बसने आल्या आणि १ जुलैची एकादशी संचारबंदीत उजाडली. चंद्रभागेवर होडी चालविणारे एक गृहस्थ सांगत होते, की एकादशीला वाळवंटात टाळाचा आवाज नाही, असे त्यांच्या वडिलांनीही कधी पाहिले नव्हते. दुकानदारांनी भरून ठेवलेला बुक्का तसाच राहिला. आजींनी मात्र नवमीला माजघर रिकामे केलेच. सून म्हणाली, "आत्या, येणार कोण आहे?" आजींनी उत्तर दिले नाही, नुसती सतरंजी अंथरली.

पुढचे वर्षही तसेच गेले. २०२२ साली पायी वारी पुन्हा सुरू झाली आणि दिंडी दाराशी आली. द्वादशीच्या पारण्याला पाने मांडताना तीन पाने कमी लागली. कोण कोण गेले, हे आजींना तेव्हा कळले.

पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो, दिंड्या परततात. यात्राकाळात विठुराया अहोरात्र दर्शन देतात. त्यासाठी त्यांचा पलंगही काढलेला असतो. यात्रेनंतर प्रक्षाळपूजा होते, शिणवटा जावा म्हणून देवाला काढ्याचा नैवेद्य दाखवितात आणि नित्योपचार पूर्ववत सुरू होतात. गर्दी ओसरलेल्या त्या दिवसांत आजी सुनेचा हात धरून राउळात जातात.

"देव दमलेला दिसतो का हो?" आम्ही विचारले.

आजी हसल्या. "त्याचे तोच जाणे. मी मात्र दमलेली असते. दोघेही एकमेकांना काही मागत नाही."