जुन्या बाजारातली पिस्तुलासारखी पक्कड

बडोद्याच्या शुक्रवारी बाजारात जुन्या लोखंडाच्या ढिगात अधूनमधून एक विचित्र पक्कड दिसते. मूठ पिस्तुलासारखी, पण धार कुठेच नाही. विकणारा तिला कधी तिकिटाचा पंच म्हणतो, कधी चामड्याला भोके पाडायचे हत्यार. मंडळातल्या दोघा-तिघांनी ती आम्हाला आणून दाखवली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मूठ दाबून पाहावी. पंच असेल तर कागदाला भोक पडेल. इथे नुसता वळ उमटतो. मग तोंडाशी असलेली लहान गोल चकती पाहावी. तिच्या कडेवर ४ ते १२ असे आकडे असतात आणि कड थोडी तिरपी घासलेली असते. चकती स्क्रूने ढिली करून फिरवता येते. समोरून एक बारीक दांडा येऊन त्या तिरप्या कडेवर टेकतो. एवढे सगळे जुळले की ओळख पक्की: हे करवतीचे दात फाकवण्याचे अवजार. (बँकेत आयुष्य गेल्यामुळे सगळे जुळल्याशिवाय आम्ही उठत नाही!) जुन्या नगांवर पुष्कळदा शेफील्डच्या जेम्स नील कंपनीचे 'एक्लिप्स' हे नाव कोरलेले असते.

करवतीचे दात सरळ रेषेत नसतात. एक डावीकडे, पुढचा उजवीकडे असे ते किंचित झुकवलेले असतात. त्यामुळे चीर पात्यापेक्षा रुंद पडते आणि पाते लाकडात अडकत नाही. वापरून वापरून हा झुकाव कमी होतो. गणपतीच्या मखरासाठी प्लायवूड कापताना करवत मध्येच आवळली जाते, ती बहुतेक वेळा यामुळेच. आपण धार गेली म्हणतो आणि करवत भंगारात देतो. दात फाकवून देणारे कारीगर आता सहज मिळत नाहीत, त्यामुळे आजोबांच्या वेळच्या चांगल्या पोलादाच्या करवतीही घराबाहेर जातात. आम्हाला याचे वाईट वाटते.

चकतीवरचा आकडा म्हणजे करवतीच्या एका इंचात दातांची किती टोके आहेत ते. पट्टी लावून मोजावे. आकडा लहान, तर दात मोठा आणि झुकावही जास्त. मात्र हा आकडा अंदाजापुरताच धरावा. सुक्या सागवानाला कमी झुकाव पुरतो, ओली फांदी कापायची तर जास्त लागतो. आधी कानस सपाट फिरवून सगळे दात एका उंचीचे करावेत. मग पाते दोन फळ्यांमध्ये घट्ट आवळून एकाआड एक दात दाबत जावे, नंतर पाते उलटे फिरवून राहिलेले. दाताचा वरचा अर्धा भागच वाकवायचा, मुळापासून नाही. जो दात ज्या बाजूला झुकला आहे त्याच बाजूला दाबायचा. उलट वळवला तर तो तुटतो. शेवटी तिकोनी कानशीने धार.

हल्ली मिळणाऱ्या, दातांची टोके निळसर-काळी दिसणाऱ्या करवतींवर हे करू नये. ते दात तापवून कडक केलेले असतात, वाकण्याऐवजी मोडतात. त्यांच्यावर कानसही चालत नाही.

आता नव्या उपयोगाचे. बारीक दातांच्या करवतीला ही पक्कड तशीच चालत नाही, कारण दांडा रुंद असल्याने शेजारचा दातही दाबला जातो. अशा वेळी दांडा काढून त्याचे टोक दोन्ही बाजूंनी घासून एका दाताएवढे अरुंद करावे. ग्राइंडरवर घासताना वारंवार पाण्यात बुडवावे, नाहीतर पोलाद तापून मऊ पडते. असे केले की चौकटीचे सांधे कापायच्या लहान करवतीही घरच्या घरी लावता येतात.

घेताना चकतीची कड झिजलेली नाही ना आणि मूठ सोडल्यावर स्प्रिंगने दांडा मागे येतो ना, एवढे पाहावे. वरवरचा गंज रॉकेलमध्ये रात्रभर ठेवून पुसला की निघतो. आणि दुकानदाराला गुजरातीत समजावताना अडचण नाही, करवतीला तेही करवतच म्हणतात. फक्त ओळख पटल्याचे भाव ठरेपर्यंत बोलू नये.