काचेतला समुद्र आणि गावचा तलाव

आमचे अड्याळ भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात आहे. समुद्र इथून फार लांब. आमच्या वैनगंगेचे पाणी समुद्राला मिळते खरे, पण प्राणहिता आणि गोदावरीतून वळसे घेत थेट बंगालच्या उपसागरात. तलाव मात्र आमच्याकडे गावोगावी आहेत. मालगुजारीच्या काळापासूनचे हे माजी मालगुजारी तलाव. लोक त्यांना थोडक्यात ‘मामा तलाव’ म्हणतात. तेव्हा मासोळी आम्हाला नवी नाही. तरीही काचेआडची मासोळी पाहायला आम्ही काही वर्षांपूर्वी रत्नागिरीला गेलो, आणि परतताना स्वतःच्या तलावाबद्दलच काही नवे शिकून आलो. तेच आज सांगायचे आहे.

आम्ही पाच-सहा जण होतो. भंडारा रोड स्टेशनवरून विदर्भ एक्स्प्रेसने मुंबई आणि पुढे कोकण रेल्वेने रत्नागिरी. सोबत गावातले एक वयस्क ढिवर होते. सारे त्यांना बाबा म्हणतात. सगळे आयुष्य जाळे टाकण्यात गेले, पण समुद्र पाहिलेला नव्हता.

रत्नागिरीचे मत्स्यालय कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे. तिथे सुमारे ५५ फूट लांबीचा देवमाशाचा सांगाडा ठेवलेला आहे. त्याच्यासमोर बाबा बराच वेळ नुसते उभे राहिले. मग काचेच्या टाक्या पाहत पाहत पुढे गेले आणि एका टाकीपाशी थांबून मला म्हणाले, “मास्तर, या पान्यात गवतच नाई. मंग मासोरी अंडी कोठी टाकते? आन् हे पानी साफ कोन करते?”

प्रश्न साधे होते, पण मत्स्यालयाचे सारे शास्त्र त्यांतच आहे.

मासा ज्या पाण्यात श्वास घेतो त्याच पाण्यात घाणही टाकतो. त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. तो साचला तर मासा आपल्याच विषाने मरतो. मत्स्यालयात पाणी सतत वाळू, खडी किंवा तशाच गाळणीतून फिरवतात. गाळणी नुसता कचरा अडवत नाही. तिच्यावर सूक्ष्म जीवाणू वाढतात. ते अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट बरेच कमी घातक असते. तेही वाढले की थोडे पाणी बदलतात. टाकीतले बुडबुडे शोभेसाठी नसतात. पाणी ढवळून वरची हवा त्यात मिसळावी यासाठी ते असतात. वीज गेली, पंप थांबला, की माशांचा जीव टांगणीला लागतो.

यात मिठाचाही भाग आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. समुद्रातल्या माशाच्या अंगातले पाणी बाहेर ओढले जाते, म्हणून तो खारे पाणी पितो आणि जास्तीचे मीठ कल्ल्यांतून टाकून देतो. गोड्या पाण्यातल्या माशाचे उलटे. पाणी आपणहून त्याच्या अंगात शिरते आणि ते त्याला सतत बाहेर टाकावे लागते. म्हणूनच बहुतेक माशांना एका पाण्यातून दुसऱ्यात टाकले तर ते जगत नाहीत.

हा मेळ माणसाला उशिराच साधला. लोकांसाठीचे पहिले मत्स्यालय १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात उघडले. पाणवनस्पती आणि मासे एकत्र ठेवले तर ते एकमेकांना जगवतात, हे त्याच सुमारास प्रयोगाने दिसून आले होते. पुढे समुद्रकाठच्या सहलीच्या गावांना मत्स्यालय हवेसे वाटू लागले. इंग्लंडमधल्या ब्रायटनचे १८७२ साली सुरू झाले. आपल्याकडे मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. २०१५ मध्ये ते नव्या रूपात उघडले, पण २०२० च्या टाळेबंदीत त्याची दारे बंद झाली. माणसांनी रोज हात लावला तरच काचेतला समुद्र जिवंत राहतो.

आता बाबांच्या प्रश्नाकडे वळू. आमच्या तलावात पंप नाही, गाळणी नाही. तिथे हे काम गवत आणि चिखल करतात. चिखलातले जीवाणू घाण पचवतात. पाण्यातले गवत नायट्रेट खाते आणि दिवसा प्राणवायू सोडते. त्याच गवतात मासोळी अंडी घालते आणि तिची पिल्ले लपतात. मरळ तर गवत बाजूला सारून घरटे करते.

उन्हाळ्यात याची किंमत कळते. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३५ अंशांना तो ७ वर येतो. मरळ पाण्याबाहेर तोंड काढून हवा घेऊ शकते. सगळ्यांना ते जमत नाही.

आज अनेक तलावांत गाळ भरला आहे, काठावर बेशरम माजली आहे आणि आतले गवत गेले आहे. आपण कटला, रोहू, मृगळ यांचे बीज विकत आणून सोडतो. ते वाढतात भराभर, पण साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. दरवर्षी बीज पुन्हा आणावे लागते. म्हणजे तलावाचे आपण मत्स्यालयच केले. मासा बाहेरचा आणि खर्च आपला. मरळीसारखी मासोळी मात्र बीज न मागता वाढत असे. ढिवराचे घर तिच्यावर चालत असे.

हे उलटवता येते. मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी ढिवर बांधवांच्या माहितीवर विसंबून तसे काम केले आहे. बेशरम उपटायची, उन्हाळ्यात कोरडा पडलेला तळ नांगरायचा आणि पावसाळ्यात देशी पाणवनस्पती लावायच्या. कोणते गवत कोणत्या मासोळीला लागते, हे ढिवरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. त्यांना विचारायचे तेवढे राहून गेले होते.

तुम्ही समुद्रावर गेलात तर मत्स्यालय जरूर पाहा. काचेवर टिचकी मारू नका. माशाच्या अंगावरच्या संवेदनरेषेला तो हादरा जाणवतो. फोटो काढताना झोत टाकू नका. मुलांना रंगीत मासे दाखवाच, पण पंप आणि गाळणीही दाखवा. हे पाणी साफ कोण करते, असे त्यांना विचारा.

आणि गावी परतलात की त्यांना तलावाच्या पाळीवर घेऊन जा. तोच प्रश्न तिथेही विचारा. पाण्यात गवत दिसले तर उत्तर समोरच असेल. दिसले नाही, तर गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या ढिवराला विचारा, इथे पूर्वी काय काय उगवत होते. ही माणसे आहेत तोवरच हे विचारून घ्यायला हवे.