संघर्षोत्तर राज्य आणि बाह्य संरक्षणसाहाय्य : कोल्हापूर संस्थानाच्या करारांच्या संदर्भात

प्रस्तावना :
संघर्षातून सावरणाऱ्या राज्यास बाह्य सत्तेने संरक्षणाची हमी देणे ही केवळ विसाव्या शतकातील घटना नव्हे. प्रस्तुत लेखात कोल्हापूर संस्थानाने ईस्ट इंडिया कंपनीशी केलेल्या करारांच्या आधारे अशा साहाय्याचे स्वरूप व परिणाम स्पष्ट केले आहेत.

करारांचे स्वरूप :
पटवर्धन व निपाणीकर यांच्याशी झालेल्या प्रदीर्घ संघर्षामुळे कोल्हापूरचे राज्य क्षीण झाले होते. या पार्श्वभूमीवर १ ऑक्टोबर १८१२ रोजी कंपनीशी करार झाला. कंपनीने परचक्रापासून संरक्षणाची हमी दिली. त्या बदल्यात मालवण बंदर कंपनीकडे गेले, चिकोडी-मनोळीवरील हक्क सोडावा लागला आणि अन्य सत्तांशी उद्भवणारे तंटे कंपनीच्या लवादाकडे नेण्याचे बंधन आले. १८१७ च्या युद्धात कोल्हापूरने कंपनीस साहाय्य केले व त्याबद्दल चिकोडी-मनोळी परत मिळाली. परंतु १८२७ च्या करारान्वये ती पुन्हा गेली. संस्थानची फौज ४०० घोडेस्वार व ८०० पायदळ एवढी मर्यादित झाली.

परिणाम :
बाह्य आक्रमणाचे भय संपले, तथापि अंतर्गत कारभाराचे स्वातंत्र्यही क्रमाक्रमाने संपले. १८४३ मध्ये दाजी कृष्ण पंडित यांची कारभारी म्हणून नेमणूक कंपनीनेच केली. महसुली फेरबदलांत किल्ल्यांवरील गडकऱ्यांचे वंशपरंपरागत हक्क धोक्यात आले आणि १८४४ मध्ये सामानगडापासून उठावास आरंभ झाला. फौजबंदी व कारभारसुधारणा करताना शस्त्रधारी वर्गाच्या उपजीविकेचा विचार झाला नाही, हे या उठावाचे एक प्रमुख कारण होय. उठाव मोडल्यानंतर कारभार थेट ब्रिटिश अधिकाऱ्याकडे गेला. १८६२ च्या कराराने तो छत्रपतींकडे परतला, परंतु महत्त्वाच्या बाबींत ब्रिटिश सल्ला पाळण्याची अट राहिलीच.

समकालीन संदर्भ :
कंपनी ही साम्राज्यविस्तारक सत्ता होती. त्यामुळे आजच्या साहाय्याशी तिची पूर्ण तुलना होऊ शकत नाही. अफगाणिस्तानातील आंतरराष्ट्रीय फौजेस डिसेंबर २००१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेची मान्यता होती. मात्र परावलंबनाचा प्रश्न तेथेही दिसतो. अफगाण सैन्याचे वेतन, विमानांची देखभाल व पुरवठा यांचा भार परकीय साहाय्यावर होता. ते साहाय्य आखडताच ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलचे शासन कोसळले. कोल्हापुरात साहाय्य देणारा कायम राहिला व राज्याची स्वायत्तता गेली. काबूलमध्ये तो निघून गेला व राज्यच कोसळले.

निष्कर्ष :
संरक्षणसाहाय्याचे मूल्यमापन केवळ फौजेच्या संख्येवरून करता येत नाही. सैन्याचा खर्च कोण उचलतो, नेमणुकांचा अधिकार कोणाकडे आहे, शस्त्रे खाली ठेवणाऱ्यांच्या उपजीविकेची तरतूद कोणती आणि साहाय्य संपण्याची मुदत व रीत ठरली आहे काय, हे चार प्रश्न निर्णायक ठरतात. त्यांची उत्तरे करारापूर्वी मिळाली नाहीत, तर मिळालेली सुरक्षितता ही पुढील संकटाची पूर्वतयारी ठरण्याचा संभव असतो.