कवंदी : सिद्दी बायकांच्या हातची गोधडी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली आमची मराठी घरं उत्तरेत आली ती सत्तेबरोबर. दौलतराव शिंद्यांनी 1810च्या सुमारास इथे तळ टाकला आणि फौजेमागून कारकून, भटजी, आचारी सगळे आले. भाषा, गणपती, हळदीकुंकू टिकवायला राजाश्रय होता. परमुलखात आपलेपण टिकवण्याची खरी कसोटी पाहायची, तर मला उत्तर कन्नडच्या सिद्दी बायकांकडे पाहावंसं वाटतं.

सिद्दी म्हटलं की आपल्याला जंजिरा आठवतो, फार तर मलिक अंबर. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या रानातल्या सिद्दींची गोष्ट निराळी. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकापासून आफ्रिकेतली माणसं गुलाम म्हणून गोव्यात आणली. त्यांतली कित्येक पळून घाटातल्या जंगलात शिरली. मूळ भाषा गेली. आज घरात कोकणी, मराठी, कानडी मिसळून बोलतात. कुणी हिंदू, कुणी मुसलमान, कुणी ख्रिस्ती. कवंदी मात्र तिन्हींच्या घरी शिवली जाते.

आपल्या गोधडीत आधी थर अंथरतात आणि मग धावदोरा घालतात. कवंदीत दोन्ही कामं एकदमच होतात. खाली जुनी साडी पसरायची आणि एका कोपऱ्यापासून सुरुवात करायची. ठिगळाची कड आत दुमडून जाड दोऱ्याने टिपायची, तिला लागून पुढचं ठिगळ लावायचं. अशी कडेकडेने चौफेर फिरत शिवण मध्याकडे सरकते. ना चौकट, ना मशीन, ना आधी काढलेला नकाशा. फाटक्या लुगड्याशेजारी पोराचा सदरा आणि त्याला खेटून परकराचा काठ, हे शिवता शिवताच ठरतं. टाके इतके दाट पडतात, की कापड जीर्ण असलं तरी कवंदी दणकट होते. तान्ह्या बाळासाठीच्या कवंदीत ठिगळं लहान, पुष्कळ आणि भडक रंगांची असतात.

ख्रिस्ती बाई कधी क्रूस शिवते, मुसलमान बाई चंद्रकोर. अमेरिकी कला-अभ्यासक हेन्री ड्र्यूअल यांनी या कामाचा अभ्यास केला, आणि 2004मध्ये सिद्दी बायकांची गोधडी-सहकारी संस्थाही उभी राहिली. तेव्हापासून कवंदी परदेशी प्रदर्शनांत पोचली. तिथले प्रेक्षक तिच्यात आफ्रिका शोधतात. तो धागा असेलही. पण मला तिच्यात जास्त दिसतो तो इथला संसार : ही लुगडी इथल्या बाजारातली, झिजली ती इथल्याच शेतांत आणि रानात. जे हाती आलं ते जोडून या बायकांनी स्वतःची अशी वस्तू घडवली, म्हणून मी तिला कला म्हणते, नुसती काटकसर नव्हे.

चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या चिंध्यांची तिकोनी ‘फुलं’ बसवतात. त्यांचा उबेला काडीचा उपयोग नाही. तरीही फुलांवाचून कवंदी उघडी दिसते, असं शिवणाऱ्या बायका मानतात आणि ती लावल्याशिवाय काम पुरं झालं म्हणत नाहीत.