टायपिंगच्या सरावाचा कीबोर्ड फेकू नका, आधी घरीच साफ करून पाहा

गेल्या पावसाळ्यात कल्याण पूर्वेतल्या एका अभ्यासिकेत आम्ही एक संध्याकाळ काढली. देणगीतून आलेले दोन जुने संगणक, आणि त्यावर पाळी लावून मराठी टायपिंगचा सराव करणारी मुले-मुली. त्यातल्या एका ताईची तक्रार होती की बोट बरोबर पडते, पण अक्षर उमटत नाही. आम्ही पाहिले तर इनस्क्रिप्ट मांडणीतले हलंताचे बटण, म्हणजे इंग्रजी ‘डी’चे, खाली बसले की वर यायला तयार नव्हते.

मराठी टाइप करणाऱ्याला ही अडचण केवढी मोठी आहे ते लगेच कळेल. या बटणाशिवाय बहुतेक जोडाक्षरे होत नाहीत. ‘बुद्ध’चे ‘बुदध’ होते, ‘धम्म’चे ‘धमम’ आणि ‘विद्यार्थी’चे ‘विदयारथी’. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठीचा वेग मिनिटाला ३० शब्दांचा लागतो. सराव करणाऱ्याला वाटते की आपलाच हात चुकतो आहे. मग ते बटण जोरात दाबायची सवय लागते आणि वेग आणखी पडतो.

तो कीबोर्ड आम्ही तिथेच उलटा करून आपटला. फरसाणाचे तुकडे, केस, खोडरबराचा चुरा आणि मेलेल्या मुंग्या वर्तमानपत्रावर पडल्या. पाऊण तास साफसफाई केल्यावर बटण पूर्ववत चालू झाले. खर्च जवळजवळ शून्य. म्हणून हे जरा सविस्तर सांगावेसे वाटले.

ठाणे, डोंबिवली, कल्याण, दिवा या पट्ट्यात कीबोर्ड लवकर मळतो, त्याला कारणे आहेत. खाडीकाठची दमट हवा, सतत चालू असलेल्या बांधकामांची धूळ, आणि आपली घरे. एकाच खोलीत गॅस आणि संगणक असला की फोडणीतल्या तेलाची वाफ बटणांवर बसते आणि त्या चिकट थरावर धूळ धरते. कोरड्या फडक्याने ती निघत नाही, फक्त पसरते.

आत काय असते ते कळले की भीती जाते. साध्या वायरच्या कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाखाली रबराची छोटी टोपी असते. तिच्याखाली पातळ प्लॅस्टिकचे तीन पापुद्रे असतात. वरच्या आणि खालच्या पापुद्र्यावर वीज वाहून नेणाऱ्या शाईच्या रेषा, मधल्या पापुद्र्याला भोके. बटण दाबले की वरचा पापुद्रा भोकातून खालच्याला टेकतो आणि अक्षर उमटते. यावरून दोष ओळखता येतो. बटण अडकत असेल तर कडेला घाण आहे. बटण छान वर-खाली होते पण अक्षर येत नाही, तर गडबड खालच्या पापुद्र्यांत असू शकते. शेजारशेजारची बरीच बटणे एकदम बंद पडली असतील तर आत पाणी किंवा चहा जाऊन एखादी रेषा तुटलेली असण्याचा संभव जास्त. विंडोजमध्ये विंडोज, कंट्रोल आणि ओ ही बटणे एकत्र दाबली की पडद्यावर कीबोर्ड दिसतो. मग एकेक बटण दाबत जा, कोणते पोहोचते आणि कोणते नाही ते तिथे दिसेल.

आता साफसफाई. संगणक बंद करून वायर काढा. वायरलेस असेल तर सेल काढा. मोबाइलवर कीबोर्डचा स्वच्छ फोटो घ्या. हे हसण्यावारी नेऊ नका, बटणे परत बसवताना चिन्हांची ओळ कुणालाच आठवत नाही. कीबोर्ड उलटा धरून पाठीवर थापट्या मारा. मग रंगकामाचा एक इंची कोरडा ब्रश बटणांच्या फटींतून एकाच दिशेने फिरवा. बऱ्याच वेळा काम इथेच होते. पंक्चरवाल्याकडच्या हवेच्या नळीचा मोह मात्र टाळा. ती हवा फार जोराची असते आणि तिच्यासोबत पाणी आणि तेलाचे कण येतात.

चिकटपणासाठी औषधांच्या किंवा इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. ते कापसाच्या काडीवर घ्यायचे आणि बटणाच्या कडेने फिरवायचे, वरून ओतायचे नाही. ते पटकन पेटते, त्यामुळे गॅसपासून लांब बसा, आणि बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती किंवा अगरबत्ती चालू असेल तर ती विझेपर्यंत थांबा. करोनाच्या काळातले उरलेले सॅनिटायझर अनेक जण काढतात. त्यात बहुधा ग्लिसरीन असते, ते मागे राहून पुन्हा धूळ धरते. नेलपॉलिश काढायचे द्रावण आणि थिनर तर प्लॅस्टिकच विरघळवतात.

एक गोष्ट खास मराठी टायपिंगवाल्यांसाठी. बटणांवर देवनागरी अक्षरांचे स्टिकर लावलेले असतील तर अल्कोहोलने त्यांचा गोंद सुटतो आणि छापील अक्षरेही पुसट होतात. अशा बटणांचा वरचा भाग घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्याने पुसा, अल्कोहोल फक्त कडांना.

एवढ्याने भागले नाही तर बटणे उपटावी लागतात. चपट्या पेचकसाने किंवा चमच्याच्या दांड्याने बटण एका कडेने हळू उचलले की टक् असा आवाज होऊन सुटते. स्पेस, एंटर, शिफ्ट ही लांब बटणे शक्यतो काढू नका. त्यांच्याखाली तारेची दांडी असते आणि ती परत बसवताना घाम फुटतो. काढलेली बटणे कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब घालून अर्धा तास ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा आणि पंख्याखाली फडक्यावर पसरा. उन्हाळ्यात ती रात्रीत वाळतात. जुलै-ऑगस्टमध्ये पुरा दिवस द्या, कारण पोकळ बटणाच्या आत थेंब राहतो. हेअर ड्रायरच्या गरम हवेने बटणे वाकू शकतात.

चहा सांडला तर गोष्ट वेगळी. पाणी वाळते, पण दुधासाखरेचा चहा आत जाऊन चिकटतो आणि त्यावर मुंग्या येतात. पहिले काम वायर काढणे, दुसरे कीबोर्ड उलटा करणे. पुसत बसणे त्यानंतर. तो तांदळात पुरून ठेवण्याचा उपाय घरोघरी सांगितला जातो; त्याने साखर काही निघत नाही, उलट तांदळाची भुकटी आत जाते. साधा कीबोर्ड असेल तर तो पालथा ठेवून मागचे स्क्रू काढा. काही स्क्रू लेबलखाली किंवा रबरी पायांखाली लपलेले असतात. पालथाच उघडायचा, नाहीतर रबराच्या सुट्या टोप्या घरभर होतात. पापुद्रे ओलसर फडक्याने हलके टिपा, शाईच्या रेषा घासू नका आणि पूर्ण वाळल्याशिवाय बंद करू नका. दोन पापुद्र्यांमध्ये अडकलेले पाणी दिसत नाही, पण रेषा खाऊन टाकते.

लॅपटॉपच्या बाबतीत ही हिंमत करू नये. त्याच्या बटणांखाली कात्रीसारख्या नाजूक पट्ट्या असतात आणि त्या मोडल्या तर सुटे भाग सहज मिळत नाहीत. बंद लॅपटॉप तिरपा धरून ब्रश फिरवा, एवढेच. त्यावर चहा सांडला तर चार्जर काढा, पॉवरचे बटण पूर्ण बंद होईपर्यंत दाबून धरा, लॅपटॉप तंबूसारखा उलटा उभा करा आणि चालू होतो का हे न बघता दुरुस्तीवाल्याकडे न्या. बघण्याच्या घाईतच मदरबोर्ड जातो, आणि मग खर्च हजारांत.

अभ्यासिकेसाठी आम्ही त्या दिवशी दोनच गोष्टी सुचवल्या. संगणकाच्या टेबलावर खाणे-पिणे बंद, आणि रात्री कुलूप लावताना कीबोर्डवर जुन्या सुती साडीचा तुकडा. प्लॅस्टिकच्या कव्हराखाली दमटपणा कोंडतो.

इतके करूनही बटणांचा अख्खा गट बंदच राहिला तर कीबोर्ड संपला असे समजा. तो घरच्या कचऱ्यात टाकू नका. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ नुसार असे सामान नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडे जायला हवे. महापालिकेच्या किंवा दुकानांच्या ई-कचरा संकलनात ते देता येते. देण्यापूर्वी त्याची चांगली बटणे काढून डबीत ठेवा. त्याच मॉडेलचा दुसरा कीबोर्ड अभ्यासिकेत असेल तर हलंताचे बटण झिजल्यावर ती उपयोगी पडतील.