'किस्सा कुर्सी का': गाजावाजा खरा ठरतो का?

उज्जैनमधल्या फ्रीगंजच्या टावर चौकात चाट खाताना सिनेमावर वाद रंगतातच. परवा विषय निघाला अमृत नाहटांच्या या राजकीय विनोदी चित्रपटाचा. आणीबाणीत त्याच्या प्रती गुडगावच्या मारुती कारखान्यात जाळल्या गेल्या. संजय गांधी आणि माहिती-प्रसारण मंत्री विद्याचरण शुक्ल (रायपूरचे, म्हणजे तेव्हा आपल्या मध्य प्रदेशचेच!) यांना त्याबद्दल १९७९मध्ये शिक्षा झाली, पुढे सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. नाहटांनी चित्रपट पुन्हा काढला, १९७८मध्ये तो प्रदर्शित झाला.

आता खरं सांगतो. विनोद बराचसा भडक आहे, मांडणी पथनाट्यासारखी विस्कळीत. पण शबाना आझमींची मुकी 'जनता' आणि मनोहर सिंगांचा गंगू यांच्यासाठी तरी हा चित्रपट बघाच!